त्रुटित

"चारच फॉर्म राहिलेत, मॅडम," असं म्हणत माझ्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीनं पर्समधून शाईचा पॅड काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. नवाकोरा, चपटा पत्र्याचा डबा. दुकानाचं किमतीचं स्टिकरही अजून निघालं नव्हतं. झाकण उघडलं तसा तो वास आला, जांभळ्या शाईचा, थोडा गोडसर, थोडा औषधी. पोस्टात आणि रेशनच्या दुकानात येतो तो. १२० बायकांच्या मुलाखती झाल्या होत्या, १२० संमतीपत्रं होती आणि त्यातल्या चारांवर अंगठाच नव्हता. उत्तरं सगळी टिपलेली, तारीख घातलेली, फक्त शेवटच्या पानावरची अंगठ्याची चौकट कोरी. त्या दिवशी पॅड सुकला होता म्हणाली; मग पुढच्या खेपेला घेऊ म्हणून राहिलं आणि पुढची खेप झालीच नाही. सिनॉप्सिस द्यायला दहा दिवस उरले होते. "तोंडानं त्या हो म्हणाल्याच होत्या ना. मग मीच लावू का चारांवर?" हे तिनं इतक्या सरळपणानं विचारलं की त्यात लबाडी शोधूनही सापडली नसती. पाणी आणू का, पंखा लावू का, असं विचारावं तसं विचारलं.

मी म्हटलं, "बघू. उद्या बोलू."

ती गेली आणि त्या 'बघू'नं माझा पिच्छा धरला. मुलं विचारतात, विचारावंच त्यांनी. पण एका शब्दाचं उत्तर असताना मी एक रात्र मागून घेतली होती. पीएच.डी.च्या मुलांना संशोधनाच्या नीतीचा दोन क्रेडिटचा कोर्स यूजीसीनं २०१९ मध्ये सक्तीचा केला, तेव्हापासून तो मी शिकवत आले आहे. १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता, १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा, माणसांवरच्या संशोधनाचे हे नियम मला झोपेतही सांगता येतात. अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं शेकडो काळ्या पुरुषांचा उपदंश नुसता निरखत ठेवला, पेनिसिलिन हाताशी आल्यावरही त्यांना दिलं नाही, हे सांगताना दर वर्षी माझा आवाज चढतो. आणि एक मुलगी माझ्यासमोर पॅड उघडून बसते तेव्हा माझ्या तोंडून 'बघू' येतं. त्या संध्याकाळी रावपुऱ्यातून घरी चालत येताना मला सूरसागर तळ्याच्या कठड्याशी थांबावं लागलं. पाणी हिरवट, संथ. मधल्या महादेवावर दिवे नुकतेच लागले होते. शेंगदाणेवाला पुडी बांधत होता. मी माझ्या बोटांकडे बघत उभी राहिले. त्यांच्यावर काही नव्हतं. शाई जाऊन तीस वर्षं उलटली.

ते सांगायच्या आधी आप्पांबद्दल सांगायला हवं, कारण मी कुणाची मुलगी आहे हे कळल्याशिवाय मी काय केलं त्याचं वजन कळणार नाही.

आप्पा प्राच्यविद्या मंदिरात होते. पंडित वगैरे नव्हते. पोथ्या ताडून बघणाऱ्यांतले एक. वाल्मीकिरामायणाच्या चिकित्सित आवृत्तीचं काम तेव्हा बडोद्याला चालू होतं. १९६० मध्ये बालकांड आलं आणि १९७५ मध्ये उत्तरकांड, सात खंड. त्यातली बरीच वर्षं माझ्या वडिलांच्या पाठीत गेली. दांडिया बाजारातल्या आमच्या घरातून ते सायकलवर जायचे आणि संध्याकाळी परतायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला वेखंडाचा वास यायचा. पोथ्यांना कीड लागू नये म्हणून तांबड्या कापडाच्या बासनात वेखंड ठेवत. आईला तो वास सोसत नसे, मला आवडायचा. अजूनही बाळगुटीचं दुकान लागलं की मी क्षणभर रेंगाळते. त्यांचं काम असं: मोठ्या आखीव कागदावर सर्वांत वर एक श्लोक, अक्षर न् अक्षर सुटं लिहिलेलं. त्याखाली एकेका पोथीची ओळ. पोथी वरच्यासारखीच असेल तिथं मोकळी जागा, वेगळी असेल तिथं तेवढंच वेगळं अक्षर. कुठली पोथी शारदेत, कुठली नेवारीत, कुठली ग्रंथ लिपीत किंवा मल्याळममध्ये. उत्तरेचा पाठ एक, दक्षिणेचा दुसरा. संपादक त्यातून एक पाठ निवडून वर घेणार. पण जो घेतला नाही तोही खाली बारीक टायपात छापायचा, कुठल्या पोथीत आहे त्या खुणेसकट. आप्पांना या गोष्टीचा फार अभिमान होता. "आम्ही काही फेकत नाही," म्हणायचे. "उद्या कुणाला वाटलं आमचं चुकलं, तर त्याला लागेल ते सगळं त्याच पानावर मिळालं पाहिजे."

आमच्या आजीला हे पटत नसे. वाल्मीकीत लक्ष्मणरेषा नाहीच, असं एकदा आप्पा जेवताना बोलून गेले. आजी ताटावरून उठायचीच बाकी राहिली. "मग सीता काय ओलांडून गेली?" तिनं विचारलं. आप्पांकडे उत्तर नव्हतं. रोज संध्या करणारा, रामनवमीला उपास करणारा हा माणूस; त्यालाही रेषा हवीच असणार. पण पोथीत नाही म्हटल्यावर नाही.

तिसरीच्या उन्हाळी सुट्टीत त्यांनी मला एकदा कामावर नेलं. उंच खिडक्या, दगडी गारवा, आणि सगळीकडे तो वेखंड. त्यांनी मला एका पोथीचं पान दाखवलं, हात लावायचा नाही या अटीवर. मधोमध किडीनं खाल्लेलं भोक होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. अलीकडे 'रा', पलीकडे 'ण', मधलं अक्षर गेलेलं. मला नवीनच वाचता यायला लागलं होतं, त्या उत्साहात मी ओरडले, "रावण!" शेजारच्या टेबलावरचे काका हसले. आप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, "रामेणही असू शकतं. रामानं, असा अर्थ." मी गप्प झाले. एका दाण्याएवढ्या भोकात राम होता की रावण, हे मला कळेना. मग ते म्हणाले, "छंद मोजून कळेल, बाकीच्या पोथ्या बघून कळेल. वर कुठला शब्द घ्यायचा ते संपादक ठरवतील. पण या पोथीत काय होतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही." आणि कागदावर त्या पोथीच्या ओळीत त्यांनी लिहिलं, 'त्रुटित'. म्हणजे तुटलेलं, इथं नाही. हे काम करणाऱ्यांना निम्मं रामायण पाठ असतं. गाळलेली जागा डोळे मिटून भरता येते. भरायची नाही, एवढंच काम. घरी आल्यावर त्यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताचा एक खंड काढून दाखवला. काही शब्दांखाली नागमोडी रेघ होती. "इथं संपादक म्हणतोय, मी हा शब्द घेतलाय खरा, पण माझी खात्री नाही." छापील पुस्तकात कुणी असं कबूल करतं, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. मी त्या रेघेवरून बोट फिरवून पाहिलं होतं.

अशा घरात मी वाढले. आणि १९९३ च्या जून महिन्यात मी सात खोटे अंगठे उमटवले.

माझं काम बायकांच्या रक्तक्षयावर होतं. तेव्हा छोटा उदेपूर, कवांट, संखेडा हे सगळं वडोदरा जिल्ह्यातच. प्रतापनगरहून नॅरोगेजची गाडी सुटायची, डभोईला तासभर रेंगाळायची, मग पुढे. माझ्या पिशवीत हिमोग्लोबिन मोजायचा साहलीचा संच असे: तपकिरी काचेच्या दोन कांड्या, मधे मोजनळी, एक बारीक पिपेट, ॲसिडची बाटली. बोटाला टोचायचं, पिपेटनं खुणेपर्यंत रक्त ओढायचं, ॲसिडमध्ये सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं. मग थेंब थेंब पाणी घालत उजेडाकडे धरून बघायचं, आपला तपकिरी काचेच्या तपकिरीशी जुळला का. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली, म्हणजे रक्तक्षय. आणि बारा की पावणेबारा हे ठरवणार कोण, तर झाडाखाली घामानं डबडबलेले माझे डोळे. एक थेंब पाणी जास्त घातलं की बाई निरोगी. तिथं मी कधी चुकारपणा केला नाही, हे मी शपथेवर सांगते. ढग आला तर ढग जाईपर्यंत थांबले आहे. माझ्या गाइडबाई फार काटेकोर. त्या काळी आमच्या विषयात लेखी संमतीचा आग्रह फारसा कुणी धरत नसे. बाईंनी मात्र स्वतः बसून गुजरातीत एक पानाचं संमतीपत्र करून घेतलं होतं आणि प्रत्येकीला वाचून दाखवायची सक्ती केली होती. २१२ बायका. ओरसंग नदीपलीकडच्या शेवटच्या गावात परतीची गाडी गाठायच्या घाईत सात जणींचं रक्त घेतलं, रीडिंग घेतलं, आणि अंगठे राहिले. रक्त दिलं होतं त्यांनी. मी मागितलेला अंगठाही सहज दिला असता. दोन मिनिटांचं काम होतं.

मग पाऊस लागला. नदीला पाणी आलं. बाईंना फाइल दाखवायची तारीख आली. रात्री अकराला सगळे निजल्यावर मी स्वयंपाकघरातल्या पाटावर ते सात कागद मांडले. पहिला ठसा डाव्या अंगठ्याचा लावला. दुसरा लावला तेव्हा दिसलं की दोन्ही हुबेहूब सारखे आहेत. माझ्या अंगठ्यावर विळीची जुनी खूण आहे, ती दोन्हींत उमटली होती. तिथं मी थांबले असते तर आज हा लेख वेगळा झाला असता. मी थांबले नाही. तिसऱ्याला उजवा अंगठा घेतला. चौथ्याला मधलं बोट थोडं आडवं फिरवलं. मग अनामिका. मग अंगठा पुन्हा, पण शाई कमी घेऊन, पुसट. चुकीला माणूस फार तर घाई म्हणेल. पण बोटं बदलताना मला घाई नव्हती. मी डोकं लावत होते. ते डोकं मला अजून आठवतं, अगदी शांत, कामात गढलेलं.

सकाळी शाई निघेना. आप्पा तेव्हा निवृत्त झाले होते, मोतीबिंदूनं दिसतही कमी. पण बोटांवरची शाई त्यांना कशी दिसणार नाही? तीस वर्षं त्यांची स्वतःची बोटं शाईचीच होती. "काय लागलं?" म्हणाले. मी म्हटलं, "शाई." ते उठले, विळीवर लिंबू कापून अर्धी फोड माझ्या हातात ठेवली. "चोळ. जाईल." इतकंच. त्यांना कळलं होतं का? मला खरंच माहीत नाही. २००३ मध्ये ते गेले. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी विचारलं नाही. लिंबू चोळताना नखाशेजारी चिरलेल्या जागी झोंबलेलं मात्र अजून आठवतं.

थीसिसमध्ये वाक्य आहे: 'सर्व २१२ महिलांची लेखी संमती घेण्यात आली.' व्हायवाला त्याबद्दल कुणी अवाक्षर विचारलं नाही. विचारलं असतं तरी फाइल तयार होती. आणि निष्कर्ष? त्या सात जणी काढल्या असत्या तर सरासरी दुसऱ्या दशांशातही हलली नसती. मनाला समजवायला हे वाक्य मला वर्षानुवर्षं पुरलं. कुणाचं नुकसान झालं नाही, आकडा खोटा नाही, मग काय बिघडलं?

२०१० साली ते पुरेनासं झालं. आपल्याकडे डभोई, शिनोर आणि कवांट तालुक्यांत, आणि तेव्हाच्या आंध्रात खम्मम जिल्ह्यात, दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस देऊन पाहणी चालली होती. एप्रिल २०१० मध्ये सरकारनं ती थांबवली. दोन्हीकडे मिळून सात मुली दगावल्या होत्या. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. लस चांगली आहे, माझ्या भाचीला मीच द्यायला लावली. पण चौकशीत संमतीचे कागद निघाले. संसदेच्या स्थायी समितीच्या २०१३ च्या अहवालात ते आकडे आहेत: आंध्रातल्या ९,५४३ फॉर्मांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केलेल्या. आई-बापांच्या जागी वॉर्डन. गुजरातेतल्या ६,२१७ पैकी ३,९४४ वर अंगठे. हे वाचत मी दिवाणखान्यात बसले होते, समोर चहा निवत होता. त्या वॉर्डननाही वाटलं असेल, मुलींच्या भल्याचंच आहे, पालक लांब राहतात, हो म्हणालेच असते. अगदी माझीच वाक्यं. आणि ते ३,९४४ अंगठे. खरेच असतील ते, मी कोण शंका घेणारी. पण त्यातल्या किती आयांना कागद वाचून दाखवला होता, हे ठशावरून कसं कळणार? ठसा बोलत नाही. माझेही बोलले नव्हते. यातला कवांट माझ्याच कामातला तालुका होता. मी ज्यांचं रक्त घेतलं होतं त्यांच्या नाती असतील त्यांत, दहा ते चौदा वर्षांच्या.

आता आमच्याकडे सचोटी मोजायला सॉफ्टवेअर आलं आहे. वाङ्मयचौर्याबद्दलच्या यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत सगळं आखलेलं आहे: दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, चाळीसपर्यंत असेल तर सुधारून सहा महिन्यांत परत द्या, साठपर्यंत असेल तर वर्षभर देता येत नाही, साठच्या वर गेलं की नोंदणीच रद्द. कॉरिडॉरमध्ये मुलांचं बोलणं ऐकावं: "माझं चौदा आलंय, उतरवून मिळेल का कुठं?" ताप उतरवावा तसे टक्के उतरवतात. शब्द मागे-पुढे करतात, 'वाढ' असेल तिथं 'वृद्धी' घालतात, आणि वाक्य कुणाचं होतं हा प्रश्न बाजूलाच पडतो. नियम नकोत असं मी म्हणत नाही; ते नव्हते तेव्हा काय चालायचं तेही पाहिलं आहे, परिच्छेदच्या परिच्छेद टायपिस्टच्या चुकांसकट उचललेले. पण चोरलेलं वाक्य यंत्राला सापडतं. न घेतलेला अंगठा नाही सापडत. स्वयंपाकघरातल्या पाटावर रात्री अकरा वाजता काय झालं, ते त्या पाटालाच माहीत.

सूरसागरवरून घरी आले तेव्हा साडेआठ झाले होते. विद्यार्थिनीला फोन लावला. म्हटलं, "पॅड घेऊन ये. शनिवारी सकाळी सहाची एसटी. आपण दोघी जाऊ." ती म्हणाली, "मॅडम, चारांसाठी?" मी म्हटलं, "हो. सिनॉप्सिसचं मी बघते." मग माझा थीसिस काढला, काळ्या कापडी बांधणीचा, सोनेरी अक्षरं अर्धी गेलेली. ते वाक्य काढलं, आणि शिसपेन्सिलीनं त्याखाली नागमोडी रेघ ओढली. ओढून झाल्यावर वाटलं, ही कुणासाठी? माझ्या कपाटातल्या प्रतीत रेघ मारून कुणाला काय कळणार आहे? लायब्ररीतल्या प्रतीवर ती नाही. म्हणून कागद घेतला आणि सहा ओळींचं पत्र लिहिलं: अमुक पानावरचं विधान २०५ महिलांपुरतंच खरं आहे, सात संमतीपत्रांवरचे ठसे माझे स्वतःचे आहेत, ही चिठ्ठी प्रतीला जोडावी. सहा ओळींना दीड तास लागला. शेवटी 'त्रुटित' लिहावंसं वाटलं, लिहिलं नाही. ते तुटलेलं नव्हतंच, मी भरलेलं होतं.

होळी होऊन दहा दिवस झाले होते. होळीला कामावरची माणसं गावी येतात, म्हणून तोच काळ बरा. गावाचं नाव इथं लिहीत नाही. मोहाची फुलं पहाटे वेचून अंगणाअंगणांत वाळत घातली होती आणि सगळ्या गावावर तो जड, आंबूस-गोड वास पसरला होता. पहिली बाई हसतच आली, काय लिहिलंय ते ऐकून घेतलं आणि अंगठा लावून हात परकराला पुसला. दुसरीनं पूर्ण कागद वाचून घेतला, एकेका वाक्याला थांबवून. शेवटी विचारलं, "आ कोण वांचशे, बेन?" हे कोण वाचणार? माझी विद्यार्थिनी गडबडली. मग खरं तेच म्हणाली, "मी, या मॅडम, आणि दोन-तीन परीक्षक." बाईनं विचार केला, आणि अंगठा दिला. तिसरीच्या दाराला कडीत सुतळी बांधलेली. होळी करून परत गेली होती, सुरतेकडे, बांधकामावर. तिथं काही करण्यासारखं नव्हतं.

चौथी घरात होती. आतल्या भिंतीवर पिठोराचे घोडे, पांढरे-तांबडे, धुरानं काळवंडलेले. चुलीवर मकाईचा रोटला. तिनं आम्हाला पाणी दिलं, खाटेवर बसवलं. मुलीनं कागद वाचला. बाई ऐकत होती, रोटला थापत होती. कागद संपला, आणि ती म्हणाली, "ना, बेन." मुलीला वाटलं, समजलं नाही. तिनं पुन्हा समजावलं, नाव येणार नाही, गावाचं येणार नाही. बाई म्हणाली, "ते दहाडे में कीधुं ए भूंसी नाखो." त्या दिवशी मी बोलले ते पुसून टाका. तिनं काय सांगितलं होतं ते मला माहीत आहे, मी ती मुलाखत वाचली होती. १२० मधली ती सर्वांत मोलाची होती. एक आख्खं प्रकरण तिच्या आठ ओळींवर उभं होतं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कशाचं, ते मला पुरेपूर कळत होतं. जो फॉर्म ती माझ्या टेबलावर बसून भरणार होती, तो हाच.

तिथं खाटेवर बसून मला आप्पा आठवले, आणि पहिल्यांदाच त्यांचा नियम अपुरा वाटला. आम्ही काही फेकत नाही, ते म्हणायचे. पण पोथी कधी म्हणत नाही, मला वाचू नका. पोथीला कीड लागते, आग लागते, ती कुणाला 'ना, बेन' म्हणू शकत नाही. ही बाई म्हणाली होती. खाली बारीक टायपातसुद्धा तिला ठेवायचं नाही. त्या जागी कुठली खूणही ठेवायची नाही, कारण गाव छोटं आहे आणि खुणेवरूनही माणूस ओळखतं. मी मुलीला मान हलवून खुणावलं. तिनं वहीतलं पान काढलं. कुठल्या ओळी आहेत ते बोट फिरवून दाखवलं. बाईनं विचारलं, "आटलुं ज?" एवढंच? मुलीनं फोन उघडून एक्सेलमधली ती ओळ तिच्यासमोर खोडली. पान बाईच्या हातात दिलं. तिनं ते उलटसुलट बघितलं, घडी घातली आणि चुलीत सारलं. रोटला उलटला. आम्हाला चहा विचारला. आम्ही घेतला.

परतीच्या बसमध्ये खिडकीतून गरम वारा येत होता. मुलगी मांडीवर फाइल धरून गप्प होती. बोडेली गेलं तेव्हा म्हणाली, "११८." मी हो म्हटलं. मग थोड्या वेळानं, "प्रकरण परत लिहावं लागेल." मी हो म्हटलं. पॅड तिच्या हातातच होता, डब्याचं झाकण ती उघडझाप करत होती, टक, टक. माझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं, सोमवारी द्यायचं. ते वाचून तिला कुणाकडून तरी कळण्यापेक्षा... मी सांगायला सुरुवात केली. गाडी धरायची घाई, पाऊस, पाट, विळीची खूण, लिंबू. डभोई येईपर्यंत सांगत होते. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. पॅड कधीच मिटला होता. शेवटी तिनं एकच विचारलं, "कुठली बोटं, मॅडम?"

मी दोन्ही हात उघडून तिच्यासमोर धरले.